फूल की मूळ

“माणूस अजून पितो का?” म्हाताऱ्या वैद्याने विचारलं, आणि मी एका श्वासात सांगून टाकलं, “नाही. सोडली.”

खोटं. मामा त्या आठवड्यात पीत होता, त्याच्या आदल्या आठवड्यातही. मी चीनमध्ये, ग्वांगझौ शहरात छिंगपिंग बाजारामागच्या बोळातल्या त्या दुकानात उभी होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजले असतील, म्हणजे पहिली चपटी उघडून झालेलीच असणार. काउंटरवर माझा फोन होता आणि फोनवर मामाची जीभ. वैद्यबुवांनी दोन बोटं फाकवून ती मोठी केली, डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली आणि मुळापाशी जाऊन थांबले. फोटो मामीने स्वयंपाकघराच्या दारात काढला होता. जिभेच्या वर मामाचे घट्ट मिटलेले डोळे, त्यामागे कॅलेंडर आणि खिळ्याला अडकवलेली विजेची बिलं. जिभेवर मुळाशी साय धरल्यासारखा पिवळसर चिकट थर. “ओलावा आणि उष्णता,” ते म्हणाले. मग, नाडी तर इथे नाही, तेव्हा विचारूनच घेऊ, अशा बेताने त्यांनी तो प्रश्न विचारला आणि पेन कागदावर टेकवून माझ्याकडे बघत राहिले. तिकडे व्यसन सोडण्याला ‘ज्ये’ म्हणतात. भिक्षू व्रत घेतात त्यालाही हाच शब्द. आपल्याकडे ‘माळ घातलीय’ म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही, तसंच. “ज्ये ल?” त्यांनी पुन्हा विचारलं. “ज्ये ल,” मी म्हटलं. पेन चालायला लागलं.

मामाने माळ दोनदा घातली होती. दोन्ही वेळा महिन्याभरात उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. मामी अजून तिच्यावर रोज फूल वाहते.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. माणूस दिवसातून दहा वेळा खोटं बोलतो. मेट्रोत उभं राहून ‘निघालेच, पोचतेय’ म्हणतो आणि विसरतो. हे मात्र विसरता येत नाही, कारण मी काही तिथे गिऱ्हाईक म्हणून गेले नव्हते. तोवर तीन वर्षं मी याच शहरात दारूने खराब होणाऱ्या यकृतावरच्या चिनी वनौषधींवर काम करत होते. त्या प्रश्नाच्या उत्तराने पुढचं सगळं कसं बदलतं हे त्या दुकानात वैद्यबुवांच्या खालोखाल मलाच माहीत होतं.

मामीचा फोन जुलैत आला होता. व्हीपीएन लावलं की कधी आवाज येतो, कधी नुसतं चित्र हलतं. त्या दिवशी आवाज चांगला होता. मामाला कावीळ झाली होती, पोटात पाणी झालं होतं, कराडला आठ दिवस ॲडमिट करून आणला होता. डॉक्टरांनी बोट वर करून सांगितलं होतं, एक थेंबसुद्धा नाही. “तू तिकडं तेच शिकतीयस ना? दारूच्या लिव्हरवरचं?” मामीने विचारलं. मी म्हटलं, हो, पण तसं नाही. “तसं नाही म्हणजे कसं? औषध असतं की नसतं?” मी तिला सांगायला लागले, की मामी, आधी पिणं थांबायला हवं, ते थांबलं की निम्मं काम तिथेच होतं, मग औषधाचं बघता येईल. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला असावा, कारण जरा वेळाने ती परत आली तेव्हा आवाज खाली आला होता. “ते काय आता सुटायचं नाही गं पोरी. चाळीस वर्षं झाली. तू तेवढं लिव्हर वाचव.”

तेवढं लिव्हर वाचव.

लहानपणी काळीज या शब्दाचा माझा फार गोंधळ व्हायचा. आजीचं काळीज तुटायचं, कुणाचं तरी काळीज वाघाचं असायचं, आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात मामा म्हणायचा, “पावशेर काळीज वेगळं बांध रे, पोरांना.” मग घरी मागच्या अंगणात चुलीवरच्या निखाऱ्यांवर तो स्वतः ते भाजायचा. वर नुसतं मीठ. बाहेरून राख लागलेलं, आतून मऊ, दातांना जरासं भुसभुशीत, आणि मागाहून जिभेवर येणारी लोखंडासारखी चव. एस.टी.च्या वर्कशॉपातला मेकॅनिक, नखांत कायम काळं ग्रीस, त्याच बोटांनी तुकडा फुंकून फुंकून माझ्या तोंडात घालायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी असायची. आम्ही पोरं हात पसरून उभी राहायचो आणि तो प्रत्येकाच्या तळव्यावर मोजून चिमूटभर ठेवायचा. त्या पुडीचं कारण कळायला मला दहावी उजाडावी लागली. आणि काळीज म्हणजे मुळात यकृतच, मराठीने ते नाव हळूच उचलून हृदयाला देऊन टाकलं, हे कळायला बी.फार्म.

चिनी भाषेने असली अदलाबदल केलेली नाही. तिथे यकृत यकृतच राहिलं आणि तरी भावनेच्या कामाला जुंपलं गेलं. जिवाभावाच्या मित्रांची यकृतं आणि पित्ताशयं एकमेकांना उजळून टाकतात असं तिथे म्हणतात. धीट माणसाचं पित्ताशय मोठं असतं. यकृताने शरीरातलं सगळं वाहतं ठेवायचं, रक्त साठवायचं, आणि राग आला की पहिला फटका त्यालाच. दारूही त्यांच्या औषधातून बाहेर कधी काढता आलेली नाही. वैद्यकीसाठी जे जुनं अक्षर आहे त्याच्या तळाशी मद्याच्या रांजणाचं चिन्ह आहे. मुख्य भूमीवर लिपी सोपी केली तेव्हा तो रांजण काढून टाकला, पण हाँगकाँगला गेलं की दवाखान्याच्या पाट्यांवर तो अजून दिसतो. शुद्धीवर येण्याच्या अक्षरातही तोच रांजण, शेजारी एक तारा. पहिल्या वर्षी मी ही अक्षरं वहीत गिरवत होते तेव्हा मला गंमत वाटली होती. आता रांजण दिसला की मामी आठवते.

माझ्या प्रबंधात तीन वनौषधी होत्या. कुडझू नावाच्या वेलाचं मूळ, त्याच कुडझूचं फूल आणि ज्याला तिथली साधी माणसं ‘वाकडं बोर’ म्हणतात ते. हे वाकडं बोर खरोखर बोराच्याच कुळातलं, पण खायचं ते फळ नव्हे, फळाचा देठ. सुजल्यासारखा जाड, गाठीगाठींचा, आल्याच्या बारक्या बोटासारखा वाकडातिकडा आणि मनुकेसारखा गोड. याच्याबद्दल तिकडच्या जुन्या ग्रंथांत एक गोष्ट आहे: दक्षिणेतला एक माणूस याच लाकडाने घर दुरुस्त करत होता, एक ढलपी चुकून मद्याच्या रांजणात पडली आणि सगळ्या मद्याचं पाणी झालं. मी ही गोष्ट फोनवर मामाला सांगितली होती, आजारपणाच्या आधी. तो म्हणाला, “असलं झाड अंगणात लावू नको बाई.” आणि कुडझू तर आपल्या घोडवेलीची, म्हणजे विदारीकंदाची, सख्खी चुलत बहीण. पाटणच्या बाजूच्या डोंगरात ती पाहिलेली होती, म्हणून ग्वांगडोंग या तिथल्या प्रांतात कुंपणावरून सांडलेला वेल पहिल्यांदा बघितला तेव्हा ती तीन पानं, तो जांभळा घोस ओळखीचा वाटला होता. त्या शहरात असं सारखंच व्हायचं. काटेसावर हे ग्वांगझौचं मानाचं फूल. मार्चमध्ये म्हाताऱ्या बायका रस्त्यावर पडलेली फुलं पिशवीत गोळा करतात आणि वाळवून सूपमध्ये घालतात. चौकाचौकात काढ्यांची दुकानं, आणि तिथल्या ‘पाच फुलांच्या’ चहात शेवंतीबरोबर सावर, कुठे देवचाफा आणि कुठे कुडझूचं फूलही. बाहेर पस्तीस अंश, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ऑफिसातली पोरं उभ्या उभ्या तो काळपट गरम काढा पिऊन पुढे जातायत. आपल्याकडे उसाच्या रसाच्या गाडीपाशी जसं दिसतं, अगदी तस्सं.

फूल आणि मूळ यांच्यातला फरक मला पहिल्यांदा आमच्या लाओशींनी, म्हणजे सरांनी, सांगितला. मूळ हे अंगदुखी, ताप, तहान यांसाठी. बाजारात त्याचे खडीसाखरेएवढे पांढरट चौकोनी तुकडे मिळतात. मोडले की आतून दोरे निघतात. त्याचाच पिठूळ भाऊ मासळीबरोबर शिजवून खातात. २००५ पासून चिनी फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथाने, दोघांना वेगळं काढलं, कारण औषधी मुळात प्यूएरारिन नावाचं द्रव्य किमान २.४ टक्के असावं लागतं, पिठूळ कंदाला ०.३ टक्के चालतं. आणि फूल हे दारूवरचा उतारा. जिन राजवटीच्या काळातला ली दोंगयुआन (११८०–१२५१) नावाचा मोठा वैद्य होऊन गेला, पचनाच्या विकारांवर हयात घालवलेला. कुडझूच्या फुलांचा दारू उतरवणारा योग, म्हणजे औषधांचं मिश्रण, त्याच्या नावावर आहे. त्यात वेलदोडा, सुंठ, जिनसेंग, संत्र्याची वाळलेली साल, असं बरंच काही. आम्ही तो योग सुटा करून, एकेक घटक वेगळा काढून तपासत होतो. पण सरांनी मला योगाच्या खालचं वाचायला लावलं. हे नाइलाज झाला तरच वापरायचं औषध आहे, असं ली दोंगयुआन तिथे बजावतो. याच्या भरवशावर रोज प्यायची सोय करून घ्याल तर चालणार नाही. वाचताना मला हसू आलं. म्हणजे बाराशे-तेराशेच्या सुमारालाही कुणाची तरी मामी त्याच्या दारात येऊन उभी राहिली असणार.

आमच्या प्रयोगाचा साचा आता जगभर चालतो तोच. सी-फिफ्टीसेव्हन जातीचे काळे उंदीर. उंदरांतही दारूची आवड जातीवर असते आणि ही जात आवडीने पिणाऱ्यांतली. आधी पाच दिवस पातळ खाद्याची सवय. ते दिसायला बाळाच्या पावडरीच्या दुधासारखं, वासही तसाच, गोडसर. मग दहा दिवस त्याच खाद्यात पाच टक्के अल्कोहोल. दुसरं खायला काही नाही, प्यायला पाणीसुद्धा नाही, जे आहे ते त्या काचेच्या नळीत. अकराव्या दिवशी सकाळी नळीने थेट पोटात एक मोठा डोस, किलोला पाच ग्रॅमच्या हिशेबाने. नऊ तासांनी उंदीर मारायचा आणि यकृत काढायचं. निरोगी यकृत गडद तांबूस, चकचकीत, कडा धारदार. दारूवाल्याचं फिकट, मातकट पिवळं, बोटाला तेलकट. पातळ काप काढून लाल तेली रंगात बुडवला की पेशींमध्ये चरबीचे थेंब कुंकवाच्या शिंतोड्यांसारखे उठून दिसतात. ज्या उंदरांना रोज वाकड्या बोराचा किंवा फुलाचा अर्क मिळत होता त्यांच्यात शिंतोडे कमी. माझा पहिला चांगला निकाल आला त्या रात्री मी सूक्ष्मदर्शकावरून उठून कॉरिडॉरमध्ये एकटीच येरझाऱ्या घालत होते, इतका आनंद झाला होता.

मग कधीतरी लक्षात आलं की आम्ही उंदराला दारू आणि औषध एकाच वेळी देतोय. आमच्याच नव्हे, या विषयावरच्या ढीगभर निबंधांमध्ये तसंच असतं. दारू चालू, औषध चालू, आणि मग मोजायचं यकृत किती वाचलं. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा यकृत आधीच गेलेलं असतं, हा एक मुद्दा. आणि नुसत्या दारूने उंदराला माणसासारखा सिरॉसिस, म्हणजे यकृत घट्ट होत जाणं, सहसा होतच नाही, हा दुसरा. पण मला टोचत होता तो तिसराच. मी सरांना म्हटलं, आपण आणखी एक गट घालूया, ज्यांची दारू नुसती बंद करायची, औषध काहीच द्यायचं नाही. सर चष्मा पुसत होते. ते हसले, वाईट नाही, थकल्यासारखे. म्हणाले, “घाल. पण त्या गटाची चरबी आपोआप उतरेल. मग औषधाला करायला काय उरलं?”

मामीचा प्रश्न तोच होता. आम्ही फक्त त्याला पंधरा दिवसांचं वेळापत्रक लावलं होतं.

इथे थोडं विषयांतर, पण राहवत नाही. कुडझूच्या मुळाची गोष्ट फुलापेक्षा विचित्र आहे. १९९३ मध्ये हार्वर्डमध्ये केउंग आणि व्हॅली या दोघांनी मुळातलं डेडझिन हे द्रव्य सोनेरी हॅमस्टरना दिलं. हा प्राणी पट्टीचा पिणारा. पाणी आणि दारू शेजारी ठेवली तर दारूकडेच जातो. डेडझिन दिल्यावर त्यांचं पिणं निम्म्याहून खाली आलं. डेडझिन शरीरात जे विकर, म्हणजे एन्झाइम, अडवतं, तेच पूर्व आशियातल्या पुष्कळ माणसांत जन्मतःच अधू असतं. आमच्या लॅबमधल्या निम्म्या मुलामुलींचे चेहरे अर्ध्या ग्लास बियरमध्ये डाळिंबासारखे लाल व्हायचे ते त्यामुळेच. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, जे विषारी. मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. ही दुसरी पायरी त्या विकराची. ती अडली की विष साचतं. म्हणजे जे मूळ पिणं कमी करू शकेल ते प्यायल्यानंतर उतारा म्हणून घेणं उलट धोक्याचं ठरू शकतं. जुन्या वैद्यांनी उताऱ्यासाठी फूल का निवडलं असेल याचा विचार करताना मला अजून बरं वाटतं. पुढे २००५ मध्ये बॉस्टनकडे १४ माणसांवर प्रयोग झाला. आठवडाभर कुडझूचा अर्क घेतल्यावर ती बियर कमी प्यायली. पिण्याची ओढ कमी झाली नव्हती, फक्त घोट लहान झाले आणि प्रत्येक बियरला वेळ जास्त लागला. मला हे वाक्य फार आवडतं. घोट लहान झाले. मामीला सांगितलं असतं तर तिने तेवढ्यावरही देवाला नारळ फोडला असता.

आणि हे सगळं वाचणारी, मोजणारी आमच्याच लॅबमधली पोरं वर्षाखेरच्या जेवणाला निघताना कुडझूच्या फुलाची पाकिटं कोमट पाण्यात ढवळून पिऊन जायची. गोल टेबल, मध्ये फिरतं काचेचं ताट, बोटभर उंचीच्या पेल्यांत ५३ टक्क्यांची पांढरी दारू, आणि वडीलधाऱ्यांनी पेला उचलला की तुमचा पेला त्यांच्यापेक्षा दोन बोटं खाली धरून एका घोटात रिकामा. नाही म्हणायची सोय नाही. मला बाई म्हणून, परदेशी म्हणून सूट होती. मी शेंगदाणे खात बसायचे. लाल चेहऱ्याचा एक मुलगा मला म्हणाला होता, “तुझ्या उंदरांपेक्षा आमची अवस्था वेगळी नाही. त्यांनाही दुसरं काही प्यायला नसतं.” दुसऱ्या दिवशी तो नेमाने सकाळी आठला उंदरांच्या नळ्या बदलायला आला.

त्या सुमाराला मी जुने उल्लेख शोधत झांग झोंगजिंगपर्यंत गेले. हान काळाच्या अखेरचा, म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीचा वैद्य. त्याच्याकडे दारूच्या काविळीला वेगळं नाव आहे, आणि तिच्यावर चार वस्तूंचा काढा: रेवाचिनी, कडू नारिंगं, आंबवलेले सोयाबीन आणि अनंताचं फळ. आपल्या अंगणातला अनंत भरगच्च पाकळ्यांचा, त्याला फळ धरत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ती केशरी, कंगोरेदार फळं हातात घेतली तेव्हा अनंताचीच आहेत यावर विश्वास बसेना. पण मी अडकले ते लक्षणांवर. कावीळ, छातीत उष्णता, दुखणं, आणि ‘आओनाओ’. या शब्दाचं भाषांतर करताना माझ्याबरोबरचे सगळे अडखळत होते. अस्वस्थता? चिडचिड? पश्चात्ताप? उरात काहीतरी घुसळतंय, बसवत नाही, उठवत नाही, सांगताही येत नाही, असं त्यांनी हातवारे करून दाखवलं. मला तो शब्द शोधावाच लागला नाही. तगमग. माझ्या वहीत मी देवनागरीतच लिहून ठेवला. पण तो रोग्यासाठी होता की स्वयंपाकघराच्या दारात फोटो काढणाऱ्या बाईसाठी, हे काही झांग झोंगजिंग सांगत नाही.

तर ती सात पुडकी. दुकानातल्या पोराने सोनाराच्या काट्यासारख्या दांडीच्या छोट्या तराजूने एकेक जिन्नस तोलून, सात कागदांवर सात ढीग करून, दोरीने बांधून दिली. रोज एक. तीन वाट्यांची एक वाटी करायची. मी वर येऊन खोलीत एक पुडकं सोडलं आणि सवयीने ओळखायला बसले: गवती मूळ, ज्येष्ठमध, अनंताचं फळ, वाकड्या बोराचे देठ. कुडझूचं फूल नव्हतं. का असेल? मी सांगितलं होतं ना, सोडली म्हणून. जो पीत नाही त्याला उतारा कशाला? वैद्यबुवांनी माझ्यावर विश्वास ठेवून चोख औषध लिहिलं होतं, एका अशा माणसासाठी जो अस्तित्वातच नव्हता.

मी ती पाठवली नाहीत. कारणं होती आणि ती खरीही होती. पोटात पाणी झालेल्या सिरॉसिसच्या माणसाला दुरून, नुसती जीभ बघून दिलेला काढा पाजायला माझं शिक्षण मला परवानगी देत नव्हतं. तिथल्याच वॉर्डांमध्ये वनौषधींनी यकृत घालवून बसलेली माणसं असतात. केस काळे राहावेत म्हणून हशौवू नावाचं मूळ खाणारी, मुका मार बसला म्हणून तूसानछी नावाची वनस्पती दारूत भिजवून घेणारी. ती वनस्पती यकृतातल्या बारीक शिराच बुजवून टाकते. हिरवं आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हे मी कधीच मानलं नाही. आणि दुसऱ्या बाजूचीही फुशारकी नको. २०१५ मध्ये दारूच्या जबर हेपटायटिसवरची, ब्रिटनमधल्या ११०३ रुग्णांची मोठी चाचणी छापून आली. स्टेरॉइडचा फायदा काठावरचा, दुसऱ्या गोळीचा काहीच नाही. कराडच्या डॉक्टरांनी बोट वर करून सांगितलं होतं त्याच्या पुढचं औषध अजून कुणाच्याच फडताळात नाही. हे सगळं मामीला सांगता आलं असतं. मी तिला सांगितलं, “कस्टमवाले सोडत नाहीत गं.” ती म्हणाली, “असू दे. तू तरी काय करणार.”

ऑक्टोबरात कपाट उघडलं तेव्हा कागदावर बुरशीचे ठिपके होते आणि एका पुडक्यातून बारीक पाखरू उडालं. सहा फेकून दिली. सातवं कोरडं वाटलं, ते राइस कुकरमध्ये उकळलं. खोलीभर वास पसरला; ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा, आणि मधूनच भाजक्या उसासारखा गोड. रंग अनंताच्या फळामुळे गडद केशरी झाला होता. मी एक घोट घेतला. आधी कडू, मग तुरट, आणि गिळून झाल्यावर किती तरी वेळाने ज्येष्ठमधाचा गोडवा. उरलेला बेसिनमध्ये ओतला, तर पांढऱ्या भांड्यावर पिवळा डाग राहिला तो राहिलाच.

फेब्रुवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीला लॅब बंद होती म्हणून घरी आले. कराडला उतरून रिक्षाने गावाकडे जाताना सावरी नुकत्या लालभडक पेटायला लागल्या होत्या. मामा अंगणात खुर्चीवर बसला होता. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे, डोळ्यांची पांढरी बाजू हळदीच्या पाण्यासारखी. नखं मात्र स्वच्छ, ग्रीस गेलेलं. ते बघून मला का कोण जाणे जास्त वाईट वाटलं. मामी आतून म्हणाली, “आता अगदी कमी केलंय हं.” मामाने तिच्याकडे बघितलं नाही. “काय म्हणाला मग तुझा चिनी डॉक्टर?” त्याने विचारलं. “माझी जीभ बघून गेला म्हणे.”

“ओलावा आणि उष्णता आहे म्हणाला.”

“म्हणजे जून आणि मे,” मामा म्हणाला. “त्यासाठी चीनला कशाला जायला पाहिजे?” आणि इतका हसला की खोकला लागला. मी पाणी आणलं. तो दोन घोट प्यायला, लहान लहान.

चिनी वैद्य चार परीक्षा करतात. बघायचं, मग ‘वन’, मग विचारायचं, मग नाडी. त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ऐकणंही होतो आणि वास घेणंही. एकाच शब्दात दोन्ही बसतं. फोटोतून फक्त पहिली परीक्षा पाठवता येते.

“बघ बरं आता,” मामा म्हणाला, “सुधारलीय का,” आणि फोटोतल्यासारखेच डोळे घट्ट मिटून त्याने जीभ बाहेर काढली. मी त्याला उजेडाकडे तोंड करायला सांगितलं, खुर्चीच्या दांडीवर हात टेकून वाकले. थर होता की नव्हता हे दिसायच्या आधीच बडीशेपेचा वास आला.

“कशी आहे?” त्याने डोळे न उघडताच विचारलं.

“पातळ झालाय थर,” मी म्हटलं.